वजन किती, एवढेच नव्हे, वजन कुठे?
विमानाच्या तोलामागचे गणित आणि त्यावर अवलंबून असलेले प्राण

घोटी (जि. नाशिक) : इगतपुरी तालुका हे भाताचे आगर आणि घोटी ही तेथील तांदळाची बाजारपेठ. भाताच्या गिरण्यांतून भरून निघालेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, काटा एक आकडा दाखवतो, पावती फाडली जाते आणि ट्रक महामार्गाला लागतो. काट्याला एकच प्रश्न विचारलेला असतो, तो म्हणजे माल किती? पोती ट्रकच्या पुढच्या भागात रचली आहेत की मागच्या, याची काट्याला पर्वा नसते. ती असते चालकाला. सगळा भार मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि कसारा घाटाच्या वळणावर ट्रक हवा तसा वळत नाही.

बैलगाडी हाकणाऱ्यांना हे शास्त्र ट्रक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. गाडीत पुढे अधिक भार पडला की जू बैलांच्या मानेवर बसते. अशा गाडीला 'धुरजड' म्हणतात. मागे अधिक भार पडला की जू वर उचलले जाते. तिला 'उलाळ' म्हणतात. गाडी धुरजड झाली तर बैल थकतात, उलाळ झाली तर मालासह मागे कलंडते. माल तेवढाच, गाडीही तीच. फरक असतो तो केवळ रचण्यातला.

विमानाच्या बाबतीत हेच दोन शब्द जीवनमरणाचे ठरतात. घोटीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरील ओझर विमानतळावरून उडणारे प्रवासी विमान असो, नाशिकरोडला सराव करणारे लष्करी हेलिकॉप्टर असो, की धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया येथे प्रशिक्षणार्थींना घेऊन उडणारे छोटे विमान. प्रत्येक उड्डाणापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीच लागतात. एकूण वजन मर्यादेत आहे काय? आणि त्या वजनाचा मध्य योग्य जागी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येऊनही दुसऱ्याचे चुकू शकते. विमान वाहतुकीच्या इतिहासातील काही भीषण अपघात हे या दुसऱ्या प्रश्नाचे चुकलेले उत्तर होते.

कावड आणि खांदा

कोणत्याही वस्तूचे सारे वजन जणू एकाच ठिकाणी एकवटले आहे असे मानता येईल, असा एक बिंदू असतो. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. वैमानिकांच्या बोलण्यात त्याला नुसते 'सीजी' असे म्हटले जाते. कावड खांद्यावर घेणारा माणूस दोन्ही बाजूंचा भार अजमावून काठी खांद्यावर पुढे-मागे सरकवतो आणि तोल साधला की चालू लागतो. तो नकळत कावडीचा गुरुत्वमध्यच शोधत असतो. विमानाच्या बाबतीत खांद्याचे काम पंख करतात. हवेतून वेगाने जाताना पंखांवर वरच्या दिशेने जी 'उचल' निर्माण होते, तीच विमानाला तोलून धरते. फरक एवढाच, की कावड वाहणारा काठी सरकवू शकतो. विमानाचे पंख मात्र जागचे हलत नाहीत. त्यामुळे तोल साधायचा तर भारच योग्य जागी ठेवावा लागतो.

सर्वसाधारण विमानात गुरुत्वमध्य हा उचलीच्या मध्यापेक्षा किंचित पुढे ठेवतात. त्यामुळे विमानाचे नाक खाली झुकू पाहते. ते झुकू नये म्हणून शेपटीवरील आडवा पंख शेपटीला किंचित खाली दाबून धरतो. ही रचना मुद्दाम केलेली असते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले, तर पुढे असलेला भार ते पुन्हा खाली आणतो आणि विमान आपोआप सावरते. शेपटीचा हा दाब वैमानिक कमी-अधिक करू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. शेपटीवरील हलणारी पाती, म्हणजे 'एलिव्हेटर', ठरावीक अंशांपलीकडे वळत नाहीत. गुरुत्वमध्य ज्या टापूत असेल तेथपर्यंतच त्यांचे बळ पुरते. हा टापू विमान बनवणारी कंपनी चाचण्या घेऊन ठरवते आणि विमानासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत नोंदवते.

धुरजड विमान, उलाळ विमान

गुरुत्वमध्य टापूच्या पुढे गेला, तर विमान धुरजड होते. धावपट्टीवर वेग घेऊनही नाक उचलायला जड जाते, धाव लांबते. हवेत गेल्यावर शेपटीला सतत अधिक दाब द्यावा लागतो. हा दाब खाली असल्याने पंखांना विमानाच्या वजनाबरोबर त्याचाही भार पेलावा लागतो. परिणामी इंधन अधिक जळते आणि उचल टिकवण्यासाठी लागणारा किमान वेगही वाढतो. उतरताना अखेरच्या क्षणी नाक वर घ्यावे लागते. ते पुरेसे उचलले गेले नाही, तर पुढचे चाक आधी आदळते.

गुरुत्वमध्य टापूच्या मागे गेला, तर विमान उलाळ होते आणि हा प्रकार अधिक घातक आहे. विमान आपोआप सावरण्याचा गुण गमावते. नाक जरा वर गेले की ते आणखी वर जाऊ पाहते. नाक फार वर गेले की पंखांवरून जाणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि उचल एकाएकी नाहीशी होते. या अवस्थेला 'स्टॉल' म्हणतात. त्यातून बाहेर पडण्यासाठी नाक खाली घालावे लागते. परंतु सगळा भार मागे असल्याने नेमके तेच साधत नाही. जमिनीलगत असताना हे घडले, तर सावरायला वेळ आणि उंची दोन्ही नसतात. धुरजड विमान बहुधा धावपट्टीवरच आपला दोष दाखवते. उलाळ विमान मात्र सहज, किंबहुना अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडते आणि संकट मग हवेत उभे राहते.

वीतभरही नसलेला टापू

हा टापू किती अरुंद असतो, याची कल्पना सेसना १७२ या चार आसनी विमानावरून येईल. जगभरातील उड्डाण प्रशिक्षण शाळांत हे विमान परिचित आहे. त्याच्या '१७२ एस' या प्रकाराचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे १,१५७ किलो. या विमानात अंतरे मोजली जातात ती इंजिन आणि बैठकीचा कक्ष यांच्यामधील आगरोधक भिंतीपासून. पूर्ण भरलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य या भिंतीपासून सुमारे १.०४ मीटर ते १.२० मीटर या पट्ट्यातच असावा लागतो. म्हणजे विमान अकराशे किलोंहून अधिक वजनाचे आणि मोकळीक अवघी १६ सेंटिमीटर, वीतभरही नाही.

हिशेबाची रीत सोपी आहे. शाळेत शिकलेली तरफच ती. प्रत्येक वजनाला त्याच्या भिंतीपासूनच्या अंतराने गुणायचे. येणारा गुणाकार म्हणजे त्या वजनाचे 'आघूर्ण'. सगळी आघूर्णे एकत्र करायची, सगळी वजने एकत्र करायची आणि पहिल्या बेरजेला दुसऱ्या बेरजेने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे गुरुत्वमध्याचे अंतर.

उदाहरणादाखल, रिकाम्या विमानाचे वजन ७६० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य १.०२ मीटरवर आहे असे मानू. पुढच्या आसनांचे अंतर सुमारे ०.९४ मीटर, मागच्या आसनांचे १.८५ मीटर, इंधनाच्या टाक्यांचे १.२२ मीटर आणि सामानाच्या कप्प्याचे २.४१ मीटर. पुढे ५५ किलोंची वैमानिक आणि शेजारी ४५ किलोंचा मुलगा. मागे प्रत्येकी ८५ किलोंचे दोन प्रौढ. ७० किलो इंधन आणि ५० किलो सामान.

विमान : ७६० × १.०२ = ७७५.२
पुढची आसने : १०० × ०.९४ = ९४.०
मागची आसने : १७० × १.८५ = ३१४.५
इंधन : ७० × १.२२ = ८५.४
सामान : ५० × २.४१ = १२०.५

वजनांची बेरीज १,१५० किलो. कमाल मर्यादेपेक्षा सात किलो कमीच. काट्याच्या दृष्टीने विमान निर्दोष! आता आघूर्णांची बेरीज १,३८९.६. तिला १,१५० ने भागले की उत्तर येते सुमारे १.२१ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्या बाहेर, विमान उलाळ.

आता सामान जराही न उतरवता एकच बदल करू. पुढचा मुलगा मागे आणि मागच्या दोघांपैकी एक प्रौढ पुढे. पुढच्या आसनांवर १४० किलो, मागे १३० किलो. एकूण वजन तेच १,१५० किलो. आघूर्णांची बेरीज मात्र १,३५३.२ होते आणि गुरुत्वमध्य येतो सुमारे १.१८ मीटरवर, टापूच्या आत. दोघांनी केवळ जागा बदलल्या आणि न उडण्याजोगे विमान उडण्याजोगे झाले. छोट्या विमानात 'आपण जरा पुढे बसता का?' अशी विनंती का केली जाते, त्याचे उत्तर या दोन भागाकारांत आहे.

हिशेबाची पहिली ओळ, म्हणजे रिकाम्या विमानाचे वजन, ही कुणी अंदाजाने लिहिलेली नसते. विमान खरोखरीच काट्यावर चढवले जाते. मात्र त्याच्या प्रत्येक चाकाखाली किंवा आधाराखाली वेगळा काटा असतो. तिन्ही काट्यांवरील आकड्यांच्या बेरजेतून वजन कळते आणि त्या आकड्यांमधील तफावतीतून गुरुत्वमध्य. ट्रकच्या काट्याला न विचारलेला दुसरा प्रश्न येथे असा सोडवला जातो. विमानात नवे यंत्र बसवले किंवा काढले, तर ही नोंद सुधारावी लागते.

उड्डाण सुरू झाले म्हणजे हिशेब संपला, असेही नाही. इंधन जळत जाते तसे वजन घटते आणि टाक्यांची जागा कुठे आहे त्यानुसार गुरुत्वमध्यही सरकतो. म्हणून उड्डाण करताना आणि उतरताना, अशा दोन्ही वेळांचे उत्तर टापूत आहे की नाही, हे जमिनीवर असतानाच पाहावे लागते.

'सरासरी' प्रवाशाची किंमत : २१ प्राण

सेसनात चौघांचे वजन विचारता येते. प्रवासी वाहतुकीत प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभे करणे बहुधा शक्य नसते. म्हणून प्रौढ, मूल आणि तान्हे बाळ यांची प्रमाण वजने ठरवलेली असतात. शेकडो प्रवाशांच्या विमानात जाड-बारीक माणसांची वजाबाकी होऊन ही सरासरी जुळते. विमान जसे लहान, तसा सरासरीचा भरवसा कमी. एकोणीस प्रवाशांपैकी दहा-बारा जण धिप्पाड निघाले, तर त्यांना तोलायला बारीक माणसे उरतच नाहीत.

याचा दारुण प्रत्यय ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत आला. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट विमानतळावरून 'एअर मिडवेस्ट'चे उड्डाण क्रमांक ५४८१ निघाले. विमान 'बीचक्राफ्ट १९०० डी' या जातीचे, आसने १९ आणि सर्व भरलेली. जमीन सोडताच विमानाचे नाक वर वर जाऊ लागले. दोन्ही वैमानिकांनी ते खाली दाबण्याचा आटोकाट प्रयत्न केला. उड्डाणानंतर अवघ्या ३७ सेकंदांत विमान विमानतळावरीलच एका हँगरवर कोसळले. १९ प्रवासी आणि दोन्ही वैमानिक, असे २१ जण ठार झाले.

वैमानिकांनी हिशेब केला नव्हता काय? केला होता आणि तो नियमानुसारच होता. त्यांच्या कागदावर विमानाचे वजन १७,०१८ पौंड होते. मर्यादा १७,१२० पौंडांची होती. म्हणजे कागदोपत्री सुमारे ४६ किलोंची सवड शिल्लक होती. अपघातानंतर प्रवाशांची आणि सामानाची खरी वजने शोधली, तेव्हा विमान मर्यादेपेक्षा सुमारे २६० किलोंनी जड होते आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेबाहेर गेला होता, असे निष्पन्न झाले. गृहीत धरलेला 'सरासरी' प्रवासी वर्षानुवर्षे तोच राहिला होता. खरा प्रवासी मधल्या काळात वजनदार झाला होता.

या एका कारणानेच विमान पडले, असे मात्र नाही. अपघाताच्या दोन रात्री आधी झालेल्या देखभालीत एलिव्हेटरच्या तारेचा ताण चुकीचा लावला गेला होता. त्यामुळे नाक खाली आणण्यासाठी ही पाती जेवढी वळायला हवी होती, त्याच्या निम्मीच वळत होती. त्या देखभालीनंतरही विमानाने काही उड्डाणे सुखरूप केली होती. तोल टापूत असेपर्यंत निम्मे बळ पुरले. त्या सकाळी भार मागे गेला, पूर्ण बळाची गरज पडली आणि ते उपलब्ध नव्हते. स्वतंत्रपणे पाहता दोन्ही दोष निभावून गेले असते; एकत्र आल्यावर ते प्राणघातक ठरले. गुरुत्वमध्याची मर्यादा इतकी काटेकोर का पाळायची, याचे याहून स्पष्ट उत्तर नसावे. ती मर्यादा दुसऱ्या कुणाच्या चुकीसाठी राखून ठेवलेली सवड असते.

अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने छोट्या विमानांतील प्रवाशांची प्रत्यक्ष वजने घ्यायला लावली. गृहीत वजनापेक्षा खरे वजन सरासरी २० पौंडांच्या, म्हणजे नऊ किलोंच्या आसपास अधिक भरले आणि प्रमाण वजने वाढवण्यात आली.

नाशिककरांना या विमानाचे नाव अनोळखी नाही. 'उडान' योजनेत 'एअर डेक्कन'ने डिसेंबर २०१७ मध्ये नाशिकहून जी सेवा सुरू केली, ती याच बीचक्राफ्ट १९०० डी जातीच्या विमानाने. ही सेवा पुढे बंद पडली. विमानाच्या जातीत दोष होता, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. जगभर या विमानांनी दीर्घकाळ सेवा दिली आहे. मुद्दा हा, की जिल्ह्याच्या विमानतळावर येते ते विमान बहुधा लहान असते आणि लहान विमानात एकेका प्रवाशाची आणि एकेका बॅगेची जागा अधिक मोलाची असते. नाशिकहून उडालेल्या ७० आसनी 'एटीआर' विमानाचेच पाहा. त्याचे प्रवासी मागच्या दाराने चढतात. सगळे एकदम मागे गोळा झाले तर उभे विमान शेपटीवर बसू नये, म्हणून चढ-उतार चालू असताना शेपटीखाली चक्क एक टेकू लावला जातो. उलाळ गाडीला टेकू लावावा, तसाच.

माल सुटला, ताबा सुटला

मालवाहू विमानांत सरासरीचा प्रश्न नसतो. तेथे माल तोलूनच भरतात. प्रश्न येतो तो माल ठरल्या जागी ठेवला आणि बांधला का, हा. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून डेनिम कापड घेऊन निघालेले 'फाइन एअर'चे डीसी-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील चौघे आणि जमिनीवरील एक जण मृत्युमुखी पडला. माल कागदावर दाखवल्याप्रमाणे भरलेला नव्हता. गुरुत्वमध्य मागे गेला होता आणि वैमानिकांनी शेपटीचा पंख मात्र कागदावरील आकड्यानुसार लावला होता. कागद खोटा ठरला की त्यावर आधारलेली प्रत्येक योग्य कृती चुकीची ठरते.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम तळावरून 'नॅशनल एअरलाइन्स'चे बोइंग ७४७ मालवाहू विमान निघाले, तेव्हा त्यात पाच चिलखती लष्करी वाहने होती. प्रत्येक वाहन १२ ते १८ टनांचे. उड्डाणाच्या वेळी नाक वर होताच किमान एक वाहन बंध तोडून मागे सरकले. त्याने विमानाच्या मागच्या भागातील हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा पंख हलवणारा भाग निकामी केला. विमान सरळ वर उभे राहिल्यासारखे झाले आणि खाली आले. सातही कर्मचारी ठार झाले. वजन बरोबर, जागाही बरोबर. पण बांधणी अपुरी, एवढ्यानेही घात होऊ शकतो.

मे महिन्यातली दुपार

विमानाच्या पुस्तिकेतील कमाल वजन हे सर्व ऋतूंना आणि सर्व विमानतळांना सारखेच लागू पडते, असेही नाही. हवा तापली की विरळ होते, उंचावर ती मुळातच विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या गार सकाळी जे वजन घेऊन विमान येथून सहज उठेल, तेच वजन मे महिन्यातल्या दुपारी घेऊन उठायला त्याला अधिक लांब धावपट्टी लागते. धावपट्टी पुरत नसेल, तर वजनच कमी करावे लागते. एखाद्या उन्हाळी दुपारी काही सामान मागे ठेवले जाते किंवा काही आसने रिकामी सोडली जातात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

महाराष्ट्राने या गणिताची एक कटू आठवण जपलेली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. विमान भरलेले होते, ऊन कडक होते. धावपट्टीच्या टोकाशी ते जेमतेम उचलले गेले आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला त्याची चाके धडकली. पुढे विजेच्या तारांना लागून ते कोसळले. विमानातील ११८ पैकी ५५ जण प्राणास मुकले. चौकशीत दोष ठेवला गेला तो विमान उचलण्यास वैमानिकांनी केलेल्या विलंबावर आणि त्यांच्या चुकीच्या पद्धतीवर. तसेच उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखण्यावर. म्हणजे केवळ वजन हे कारण नव्हते. तथापि, भरलेले विमान आणि तापलेली हवा एकत्र आली की चुकीला किती थोडी जागा उरते, हे त्या दुपारी दिसले.

तोल मुद्दाम बिघडवणारे विमान

नाशिक जिल्ह्यातच या नियमाचे दोन टोकाचे नमुने पाहायला मिळतात. पहिला हेलिकॉप्टरचा. नाशिकरोड येथे लष्कराच्या वैमानिकांना घडवणारी 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल' ही संस्था २००३ पासून आहे. हेलिकॉप्टर वरच्या फिरत्या पात्यांना जणू टांगलेले असते. त्याचा गुरुत्वमध्य त्या दांड्याच्या आसपासच असावा लागतो. तो पुढे-मागे सरकला की हवेत स्थिर उभे राहतानाही यंत्राचे नाक खाली किंवा वर झुकते. ते सावरण्यासाठी वैमानिकाला दांडी सतत एका बाजूला धरून ठेवावी लागते आणि ती टोकाला पोचली की हाती उपाय उरत नाही. शिवाय येथे डावी-उजवी बाजूही पाहावी लागते.

दुसरा नमुना याच्या अगदी उलट आहे. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात २००४ पासून तयार झालेले 'सुखोई-३० एमकेआय' हे लढाऊ विमान स्वभावतः अस्थिर आहे आणि ते मुद्दाम तसे केलेले आहे. आपोआप सावरणारे विमान वळायलाही तितकेच अनुत्सुक असते. लढाऊ विमानाला चपळाई हवी. म्हणून त्याच्या रचनेत स्थैर्य कमी ठेवले आहे आणि तोल सांभाळण्याचे काम संगणकाकडे दिले आहे. वैमानिक केवळ इच्छा व्यक्त करतो. पाती किती वळवायची, हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. प्रवासी विमानात मात्र ही चैन करता येत नाही. तेथे पुस्तिकेतील टापू हीच लक्ष्मणरेषा होय.

सही कुणाची?

मोठ्या विमान कंपन्यांत हा सारा हिशेब आता संगणकावर होतो. प्रवाशांची संख्या, कोणत्या भागात किती जण बसले, कोणत्या कप्प्यात किती बॅगा, इंधन किती, हे सारे एका 'लोडशीट'वर येते. उड्डाणापूर्वी ती मुख्य वैमानिकाला दिली जाते आणि तो ती तपासून स्वीकारतो. हिशेब कुणीही केलेला असो, विमान हवेत नेण्याची अंतिम जबाबदारी त्याचीच. छोट्या विमानाच्या वैमानिकाला तर हा हिशेब स्वतःच मांडावा लागतो. म्हणूनच प्रशिक्षणार्थीला विमान उडवण्याआधी ही बेरीज आणि भागाकार शिकावा लागतो.

परंतु या साखळीत प्रवासीही असतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हातातील बॅगेचे वजन लपवणे, विमान अर्धे रिकामे दिसते म्हणून उड्डाणापूर्वीच आपल्या मनाने आसन बदलणे, सामान मागे ठेवले म्हणून काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणे, या गोष्टी एरवी किरकोळ वाटतात. दोनशे आसनांच्या विमानात त्यांचा परिणाम नगण्यही असेल. एकोणीस आसनांच्या विमानात तसे गृहीत धरता येत नाही. छोट्या विमानात वजन विचारले गेले, तर त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. दोन-चार किलो कमी सांगून त्या क्षणी लाज राखता येईल. पण वैमानिकाच्या कागदावर तो आकडा खरा म्हणूनच लिहिला जातो.

शार्लटच्या त्या सकाळी कुणीही खोटे बोलले नव्हते. कागदावरचा प्रत्येक आकडा नियमात बसत होता. फक्त तो विमानात बसलेल्या माणसांचा नव्हता. वजन आणि तोल यांचे शास्त्र अखेर एवढेच सांगते, की विमान कागदावरच्या वजनाने उडत नाही, आत बसलेल्या खऱ्या वजनाने उडते आणि ते वजन कुठे बसले आहे यावर उडते. पुढच्या खेपेस 'कृपया आपल्या नेमून दिलेल्या जागेवर बसा' अशी सूचना ऐकू आली, तर त्यामागे कुणीतरी नुकताच एक भागाकार पूर्ण केला आहे, हे प्रवाशांनी ध्यानात ठेवलेले बरे.